दमून आलेलं पाणी

या अंकासाठी काहीतरी लिहा, असं सांगायला जे गृहस्थ आमच्या नेरळच्या घरी आले, त्यांनी चहा संपेपर्यंत धीर धरला आणि मग हळूच विचारलं, "पण पाटकरी म्हणजे नक्की काय करायचं असतं हो?" मला राग आला नाही. माझ्या सुनेच्या माहेरी माझी ओळख 'पाण्याच्या खात्यातले साहेब' अशी करून दिलेली आहे आणि ती मी आजतागायत दुरुस्त केलेली नाही.

तर सांगतो. आमच्या कर्जत तालुक्याच्या डोक्यावर घाट आहे. घाटावर पावसाचं पाणी तलावात साठवतात, मोठाल्या नळांतून ते खाली भिवपुरीला उतरवतात, त्याच्या जोरावर चाकं फिरतात आणि वीज तयार होते. वीज तारांवरून मुंबईकडे जाते. काम झालेलं पाणी मग पुढे सोडून देतात, आणि त्यातलं काही आमच्या कालव्यात वळतं. त्या पाण्यावर आमच्याकडे पावसाळी भात निघाल्यावर पुन्हा उन्हाळी भात लागतं. ऐन चैत्रात घाट उतरून येणाऱ्या पाहुण्यांना खाचरं हिरवीगार दिसतात आणि ते विचारतात, "तुमच्याकडे पाऊस झाला वाटतं?"

कालव्याला जागोजागी मोऱ्या असतात. मोरीला लोखंडी गेट. हँडल फिरवलं की गेट वर उचललं जातं आणि पाणी शेतात जातं. कुणी कधी घ्यायचं याच्या पाळ्या ठरलेल्या. ते हँडल फिरवणारा, कालव्याच्या कडेनं वरपासून खालपर्यंत चालणारा, पाण्यात अडकलेला कचरा काढणारा आणि दोन्ही काठांवरच्या शिव्या खाणारा माणूस म्हणजे पाटकरी. शिव्यांचं कलम नेमणुकीच्या आदेशात नव्हतं, पण कामाचा मोठा हिस्सा तोच होता.

या नोकरीची एक गंमत आहे. पाणी आलं की पाटकरी कुणाला दिसत नाही. सगळ्यांचे डोळे पाण्याकडे, फावडं पाण्याकडे, पाठ माझ्याकडे. पाणी आलं नाही की मात्र मी चार शिवारांतून दिसतो. एका उन्हाळ्यात खालच्या गावाला अचानक पाणी कमी पडायला लागलं. लोकांनी मला घेराव घातला. मी वरपासून शोधत निघालो, तेव्हा एका वळणावर चार म्हशी कालव्यात अशा ऐसपैस बसलेल्या की पाणी बाजूच्या ओढ्यात वळत होतं. म्हशींना उठवण्यात माझी अर्धी दुपार गेली. खाली जाऊन खरं कारण सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना. "काय पन सांगतो, पाटकऱ्या!" म्हणाले. म्हशींच्या मालकानं मात्र विश्वास ठेवला, आणि त्याच्या जनावरांची झोप मोडली म्हणून तो माझ्यावर महिनाभर रुसला.

पण मला ही नोकरी आवडायची. त्याचं कारण आमच्या घरात आहे. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर हात लावता येत नव्हता. घागर घेऊन उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर वरून ओतून घ्यायचं. आजोबा ही गोष्ट फारशी सांगत नसत, पण वडील सांगत. मला पाटकऱ्याची नोकरी लागली तेव्हा वडिलांनी मोरीवर येऊन ते हँडल हातात धरून बघितलं. म्हणाले, "ज्यांच्या दारात आमी पान्यासाठी उभं राहिलो, त्यांना आता तू पानी देनार. चांगली गोष्ट हाय. पन एक ध्यानात ठेव, कुनाचं अडवू नको. अडवलेलं पानी कसं असतं ते आपल्याला म्हाईत हाय." मी नोकरीत बरेच नियम वाकवले असतील, पण हा एक जपायचा प्रयत्न केला.

पाणी अडवायला मात्र जग तयारच असतं. त्या जगाचं आमच्या कालव्यावरचं नाव बारकूदादा. अगदी वरच्या, पहिल्या मोरीवर त्यांची जमीन. पाणी आधी त्यांच्या दारात आणि मग बाकीच्या गावांना. तरीही बारकूदादांची तक्रार कायम, आणि तक्रार अशी की तिच्यावर खात्याकडे उत्तर नाही.

"पाटकरी, ह्या पान्यात काय हाय सांग."

"पाणी आहे, दादा."

"नुसतं पानी. वरती ह्याच्यातली वीज काडून घेत्यात. सत्त्व गेलं. आता पिकाला ते पुरंल कसं? मला दुप्पट पायजे."

पाण्यातली वीज काढली की पाणी हलकं होतं, त्याच्यातला जीव जातो, ही समजूत आमच्या भागात जुनी आहे. मी त्यांना समजावून सांगितलं की पाण्यातून काही काढत नाहीत, पाणी नुसतं जोरात पडतं आणि त्या जोरानं चाक फिरतं. बारकूदादांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्यो जोर कुठं गेला?" मी म्हटलं, विजेत. "हां, मंजी काडलाच की!" माझं शास्त्र तिथं संपलं. मी पाठ फिरवली की ते मोरीचं गेट पुन्हा वर उचलायचे आणि दुसऱ्या दिवशी तोंड वर करून सांगायचे, "सत्त्वाचं भरून काडतो रं."

कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, अगदी शेवटच्या मोरीवर, हिराकाकूंचं शेत. शेवटची मोरी म्हणजे सगळ्यांचं होऊन उरेल ते. काकूंचे यजमान लवकर गेलेले, मुलगा खालापूरकडे एका कारखान्यात पाळीवर जायचा. शेत काकूच बघायच्या. पहिल्यांदा मी त्यांच्या मोरीवर पाणी घेऊन गेलो तेव्हा बाई कालव्याच्या कडेला वाट बघत बसलेल्या. पाणी दिसल्याबरोबर उठल्या, चपला काढल्या, पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला आणि वाकून पाण्यात सोडला.

मी विचारलं, "काकू, हे काय? पूजा का?"

"पूजा कसली रं. पाव्हना आला तर आपन गूळ-पानी देतो ना? आता पानीच पाव्हनं आलंय. त्याला पानी काय देऊ? निदान गूळ तरी देते."

आमच्या घरात बुद्धवंदना होते. पाण्याला नैवेद्य दाखवणाऱ्यांतला मी नाही. पण हे काही देवाधर्माचं नव्हतं, हा घरी आलेल्याचा मान होता. मला ते पटलं. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू? पाण्याला मान होता, पण ते आणणाऱ्याला "बस रं वाईच" एवढंही नव्हतं. काकू लगेच फावडं घेऊन बांधावर गेल्या.

मग तो चैत्र आला. वीजघरात काही दुरुस्तीचं काम निघालं आणि कालव्याचं पाणी निम्म्यावर आलं. पाणी पुन्हा कधी वाढेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. इकडे भात निसवलेलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडलेल्या, आणि त्यांत दूध भरत होतं. या वेळेला खाचरात पाणी नसलं की दाणा भरत नाही, हातात नुसता पोचट कोंडा येतो. वरच्या गावांचं कसंबसं भागत होतं. शेवटच्या मोरीला मात्र कालवाच कोरडा पडला, तळाला भेगा गेल्या.

काकूंच्या घरात त्या वर्षी आधीच अडचण होती. परतीच्या पावसानं पावसाळी भात झोपवलं होतं. घरात वर्षभर खायचं आणि पुढच्या पेरणीला ठेवायचं, ते सगळं या एका खाचरातून यायचं होतं. मी गेलो तेव्हा त्या बांधावर बसून लोंबी दाबून बघत होत्या. बोटाला दूध लागत होतं. "अजून हाय," म्हणाल्या. "पन ह्या चार-दोन दिवसांत पानी आलं तरच, भाऊ." रडल्या नाहीत, माझ्यावर चिडल्याही नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सगळ्यात जास्त पाणी जात होतं ते पहिल्या मोरीतून. कायद्यानं मी ते गेट बंद करू शकत होतो आणि केलंही. पण मी वळणापलीकडे गेलो की ते पुन्हा वर. कालव्याच्या एका टोकाला पहारा देत बसलो तर बाकीचा कालवा कुणी बघायचा? शेवटी मी बारकूदादांना हात जोडले. "दादा, खाली एका बाईचं भात जळतंय. तुमच्या खाचरांत घोट्याएवढं पाणी उभं आहे. थोडे दिवस सोडा."

त्यावर ते भडकले. "खाली बाई नाय नि काय नाय. माजं पानी तू त्या बंगलेवाल्याच्या पोहायच्या टाकीत सोडतोस. मला सगळं कळतं."

कालव्याच्या मध्यावर तेव्हा शहरातल्या कुणाचं तरी फार्महाउस नवीनच झालेलं होतं आणि त्याच्या निळ्या टाकीची चर्चा सगळ्या पंचक्रोशीत होती. मला संताप आला. त्याच तिरमिरीत मी म्हणालो, "मग चला माझ्याबरोबर. गेट बंद करा आणि पाण्यासंगं चालत या. टाकीत गेलं तर साहेबाकडे माझी तक्रार करा."

मला वाटलं ते हसण्यावारी नेतील. पण चोर पकडायचा म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. त्यांनी स्वतःच्या हातानं हँडल फिरवून गेट खाली केलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि माझ्यापुढे चालायला लागले.

पाण्याबरोबर चालणं ही पाटकऱ्याची खास चैन आहे. भरल्या कालव्याच्या कडेनं कुणीही चालतं. पण पाणी कोरड्या तळात शिरतं तेव्हा त्याचं एक तोंड असतं, आणि ते माणसाच्या चालीनं, कधी त्याहूनही हळू, पुढं सरकतं. पुढं फेस आणि वाळकी पानं, पानांवर चढून बसलेल्या मुंग्या. भेगांतून नाकतोडे उड्या मारत बाहेर येतात आणि त्यांच्यासाठी बगळे, साळुंख्या, कोतवाल दोन्ही काठांनी आपल्याबरोबर निघतात. मोठी भेग आली की पाणी तिथं थांबतं, बुडबुडे सोडत आत जातं, भेग पोटभर पिते आणि मग पाणी पुढं निघतं.

फार्महाउस आलं. पाणी त्याच्या कुंपणाच्या कडेनं सरळ पुढं गेलं. बारकूदादांनी टाकीकडे जाणारी मोरी स्वतः वाकून तपासली. गेट बंद, वर कोळ्याचं जाळं. तरी ते परत फिरले नाहीत. पुढं एका ठिकाणी पाणी बराच वेळ अडून राहिलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "आता का थांबलं?"

"जमीन पितेय, दादा."

"येवढी?" जन्मभर पहिल्या मोरीवर बसलेला माणूस. त्यांना कालवा म्हणजे कायम भरलेलाच ठाऊक होता. खाली पाण्याला किती चालावं लागतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. मग ते स्वतःच हातानं पानं बाजूला करून पाण्याला वाट करून द्यायला लागले.

शेवटच्या मोरीवर काकू उभ्या होत्या. बगळे येताना दिसले म्हणून त्यांनी पाणी ओळखलं होतं. त्यांनी चपला काढल्या, कोरड्या कालव्यात उतरल्या आणि पाणी पायाशी आल्यावर गुळाचा खडा सोडला. "ये बाबा. लय लांबून आलास."

बारकूदादांना राहवलं नाही. "काकू, ह्या पान्याला कसला मान देतीस? ह्याच्यात सत्त्व नाय. वरती वीज काडून घेत्यात."

मी मनात म्हटलं, झालं आता!

"म्हाईत हाय मला," काकू म्हणाल्या. "माजा सासरा बी तेच सांगायचा. डोंगरावरनं उडी मारायची, चाकं फिरवायची, मंबईला दिवं लावायचं, आन् मंग येवढी शिवारं चालत माज्या दारात यायचं. दमनार नाय का रं ते? म्हनून तर गूळ."

  ज्या समजुतीवर दादा दुप्पट पाणी मागत होते, त्याच समजुतीवर ही बाई पाण्याला गूळ भरवत होती. दादांना मी शास्त्र समजावून झालंच होतं, काकूंना समजावलं असतं तरी त्यांनीही मानलं नसतं. पण दोघांत केवढा फरक होता!

"आन् तू कोन?" काकूंनी विचारलं.

"मी बारकू. पयल्या मोरीवरचा."

"मंजी पानी तुज्या दारावरनं येतं? आन् तू हिकडं येऊ दिलंस?" त्यांनी पदराची गाठ पुन्हा सोडली. "घे. तुजं लय उपकार झालं."

चोर पकडायला आलेला माणूस हातात गुळाचा खडा घेऊन चिखलात उभा. नाही म्हणता येईना, हो म्हणायला तोंड नाही. शेवटी त्यांनी तो तोंडात टाकला आणि काकूंच्या हातातलं फावडं घेऊन खाचराचा बांध फोडून दिला. पाणी भेगांवरून सळसळत आत गेलं. भात काही बोलत नाही, पण मी त्या खाचराकडे बघत उभा राहिलो आणि माझे डोळे भरून आले.

परत येताना दादा माझ्या मागून चालत होते. घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "गूळ जुना व्हता. पन ग्वाड व्हता." काकूंच्या लोंब्या भरेपर्यंत पहिल्या मोरीचं गेट खालीच राहिलं. मी दोनदा जाऊन बघितलं.

यावरून दादा संत झाले असं समजू नका. पुढच्या हंगामात सत्त्वाचा वाद पुन्हा सुरू झाला. पण भात निसवायच्या दिवसांत ते आपणहून विचारायचे, "त्या म्हातारीकडं पोचलं का रं?"

फरक माझ्यात जास्त पडला. तोवर पाणी म्हणजे माझी ड्यूटी होती. त्यानंतर मी ते बघायला लागलो. सकाळी कालव्यावरून वाफ निघते ती, मोरीच्या दगडाखाली थंडाव्याला बसलेली बेडकं, करंजाची फुलं वाहत येतात आणि गेटपाशी त्यांची गादी होते ती. हे सगळं रोजच होतं. पगार मला चालण्याचा मिळत होता, आणि हे फुकट मिळत होतं. कधी कधी कुणी नसताना मी पाण्याला मोठ्यानं म्हणायचो, "आलास का?" लोकांनी ऐकलं असतं तर बदली मागावी लागली असती.

आता निवृत्त झालो, नेरळच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. पाणी पंपानं वर येतं. नळ आधी खाकरतो, मग धार लागते. इतकं चढून आलं म्हणून एका सकाळी मी बेसिनमध्ये गुळाचा कण टाकला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरभर मुंग्या. बायकोनं मुळाशी जाऊन शोध लावला आणि म्हणाली, "पाण्याला गूळ घालायचा तर कालव्यावर जाऊन घाला. इथं मुंग्यांना कोण आवरणार?"

म्हणून गेल्या हिवाळ्यात पाणी सुटणार कळल्यावर गेलोच. आधी बारकूदादांकडे गेलो. त्यांचे गुडघे गेलेत, माझेही बरे नाहीत. पाण्याबरोबर चालणं आता होणार नव्हतं, म्हणून दोघं रिक्षानं शेवटच्या मोरीवर जाऊन बसलो. हिराकाकूंच्या शेताच्या आजूबाजूची बरीच शेतं विकली गेलीत. भिंती आल्यात, प्लॉटचे दगड आलेत. कालवा जागोजागी खचलाय. काकू अंथरुणाला आहेत. मुलगा कारखान्यातून रजा टाकून फावडं घेऊन उभा होता. पाणी इथवर येतं की नाही, याची कुणालाच खात्री नव्हती.

ऊन कलायला लागलं तेव्हा वळणावर बगळे दिसले. पाठोपाठ नवा पाटकरी, आणि त्याच्या पायाशी पाणी. बारीक धार होती, पण होती.

बारकूदादा काठीवर भार टाकून खाली उतरले. खिशातून कागदाची पुडी काढली, गुळाचा खडा काढला आणि कष्टानं वाकून पाण्यात सोडला. "ये बाबा," म्हणाले. "दमलास." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पन सत्त्व नाय बरं का ह्याच्यात."

तिथून घरी काकूंकडे गेलो. पडवीत खाटेवर पडल्या होत्या. आम्हाला बघताच त्यांनी विचारलं, "आलं का?"

"आलं," दादा म्हणाले.

"गूळ दिलास?"

"दिला."

"आन् ह्याला?" काकूंनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला कशाला? हा रिक्षानं आलाय. पेन्शन खातोय आता."

"गप रं. ह्याचा जलम गेला पान्यासंगं चालन्यात. पान्याला दर वक्ती दिला, ह्याला द्यायचा ऱ्हायलाच बग." त्यांनी उशाखालचा डबा चाचपला, एक खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "घे. तू बी दमला असशील."

मला डॉक्टरांनी गोड बंद केलंय. मी तो खडा तोंडात टाकला आणि शेवटपर्यंत विरघळू दिला. मग पाणी मागितलं. काकूंच्या सुनेनं घरातून तांब्या आणून माझ्यापुढे धरला. आजोबांची घागर आठवून मी तो दोन्ही हातांनी घेतला, पाण्याकडे आधी नीट बघितलं आणि मग प्यायलो.